ब्लोअर चालतो का, तेही पासिंगमध्ये बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा सुरू व्हायच्या तोंडावर शालेय वाहनांच्या सुरक्षिततेवर पालकांची पत्रं छापून येतात. कोंबून बसवलेली मुलं, नीट न लागणारी दारं, गुळगुळीत टायर, गॅसची टाकी. त्यातलं काहीही खोटं नाही आणि ते लिहायलाच हवं. पण एका वस्तूबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून हे पत्र. ती वस्तू म्हणजे गाडीतल्या हिटरचा पंखा. आम्ही त्याला ब्लोअर म्हणतो. मी कळव्यात ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. स्टार्टर, अल्टरनेटर, वायरिंग हे माझं रोजचं काम, आणि पावसाळ्यात सगळ्यात जास्त काळजी मला या पंख्याची वाटते.

ठाण्यात हिटर कशाला, असं गाडीवाले सर्रास म्हणतात. थंडीसाठी इथे हिटर लागत नाही हे बरोबर आहे. पण हिटर, एसी आणि पुढच्या काचेवर हवा सोडायची सोय, या तिन्हींचा पंखा एकच असतो. तो बंद पडला की तिन्ही बंद. एसी नसलेल्या व्हॅनमध्ये तर आतून धुरकटलेली काच मोकळी करायला त्याच्याशिवाय दुसरं काहीच नाही. वायपर बाहेरचं पाणी काढतो. आतली वाफ तशीच राहते.

जुलैतली सकाळ डोळ्यासमोर आणा. साडेसहाची वेळ, पाऊस तिरपा लागलेला, म्हणून सगळ्या काचा वर. आत मुलं, त्यांचे ओले रेनकोट, ओली दप्तरं, ओले बूट. मुलांच्या श्वासातली हवा कोमट आणि पाण्याने भरलेली असते. पुढच्या काचेवर बाहेरून सतत पाऊस पडत असल्यामुळे ती थंड झालेली असते. आतली दमट हवा त्या काचेला लागली की पाणी धरतं आणि दोन-चार मिनिटांत काच पांढरी होते. अशा वेळी ब्लोअरने बाहेरची हवा ओढून काचेवर मारली की वाफ हटते. लोक विचारतात, पावसात बाहेरची हवाही दमटच की, मग फरक कसा पडतो? बाहेरची हवा दमट असली तरी काच तिच्याच आसपासच्या तापमानाची असते, त्यामुळे तिच्यातलं पाणी काचेवर सहसा धरत नाही. काचेवर पाणी धरतं ते आतल्या कोंडलेल्या हवेमुळे. त्यात हिटरचा लिव्हर थोडा गरम बाजूला सरकवला तर इंजिनच्या गरम कूलंटवरून आलेली हवा काच आणखी लवकर सुकवते. एसी असेल तर तो हवेतलं पाणी काढूनच देतो. मात्र हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबलेलं असेल आणि एसी बंद असेल, तर ब्लोअर कितीही जोरात लावा, काच साफ होणार नाही. हे साधं बटण मी कित्येक गाड्यांत कायम आतल्या बाजूला अडकलेलं बघतो.

गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडवर शाळेची व्हॅन चालवणाऱ्या एक ताई माझ्या गाळ्यावर आल्या. गाडी त्यांची स्वतःची, कर्जावर घेतलेली. ब्लोअरचा नॉब एकवर, दोनवर, तीनवर ठेवला तर पंखा गप्प. चारवर ठेवला की एकदम भरधाव.

"भाऊ, एका ठिकाणी दाखवली. म्हणाले, मोटर गेली, डॅशबोर्ड उतरवून सगळंच्या सगळं नवीन घालावं लागेल. एवढे पैसे आत्ता नाहीत माझ्याकडे."

"ताई, चारवर चालतोय ना? मग मोटर मेलेली नाही. तुम्ही चारवर लावून चालवत का नाही?"

"चारवर एवढा आवाज होतो की मागे मुलं काय बोलतायत ते ऐकूच येत नाही. एखाद्याला उलटी होते, कुणाचा हात दारात जातो. म्हणून मी बंदच ठेवते. पुढच्या सीटवरच्या मुलाकडे फडकं दिलंय, तो पुसतो काच."

हे ऐकून मी हातातलं काम बाजूला ठेवलं. मानपाड्यापासून पुढे गायमुखापर्यंत त्या रस्त्यावर काय चालतं ते ठाणेकरांना सांगायला नको. जेएनपीटी बंदराकडून गुजरातला जाणारे कंटेनर ट्रेलर याच रस्त्याने जातात. शेजारून एक ट्रेलर गेला की खड्ड्यातलं सगळं पाणी काचेवर. समोरून हेडलाइट. आणि काच आतून पुसणारा हात एका शाळकरी मुलाचा, तोही ड्रायव्हरच्या नजरेच्या आड येणारा. फडक्याने पुसलेल्या काचेवर फराटे राहतात आणि हेडलाइटचा उजेड त्यावर पसरतो, हे रात्री गाडी चालवणाऱ्या कुणालाही विचारा.

आता दोष कुठे होता ते सांगतो, कारण हा दोष फार गाड्यांत सापडतो आणि त्यासाठी बहुतेक वेळा मोटर बदलावी लागत नाही. साध्या ब्लोअरला वेग कमी-जास्त करायला एक रेझिस्टर असतो. एका छोट्या प्लेटवर तारेची वेटोळी, बस. एकवर ठेवलं की करंट सगळ्या वेटोळ्यांतून जातो आणि पंखा सावकाश फिरतो. दोनवर, तीनवर कमी वेटोळी लागतात. चारवर मात्र करंट रेझिस्टर टाळून थेट मोटरला जातो. म्हणून फक्त चार नंबर चालत असेल, तर फ्यूज चांगला आहे, मोटर मेलेली नाही आणि रेझिस्टर गेलेला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. कधी कधी स्विच किंवा मधली वायर निघते, पण आधी रेझिस्टर बघायचा. बहुतेक गाड्यांत तो ब्लोअरच्या डब्यावर, डाव्या बाजूच्या पायाजवळ, दोन स्क्रूंवर बसवलेला असतो. त्यासाठी डॅशबोर्ड उतरवायची गरज सहसा पडत नाही. पार्ट काही शे रुपयांत मिळतो. काही नव्या, महागड्या गाड्यांत तारेच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, तिथे हिशेब वेगळा. शाळेच्या साध्या व्हॅनमध्ये जुनाच प्रकार जास्त.

पण नुसता रेझिस्टर बदलून गिऱ्हाइकाला पाठवणंही मला पटत नाही. तो का जळला हे शोधायला हवं, नाहीतर नवा घातलेलाही तसाच जातो. ताईंच्या गाडीचा रेझिस्टर काढला तेव्हा त्याच्या कपलरचं, म्हणजे वायर जोडायच्या प्लगचं, प्लॅस्टिक तपकिरी पडून वितळलेलं होतं आणि एक टर्मिनल काळं झालं होतं. मोटरच्या वायरवर करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला, तर अशा छोट्या व्हॅनचा ब्लोअर खेचतो त्याहून बराच जास्त करंट ती खेचत होती. मग मोटर खाली उतरवली. तीन स्क्रू काढले आणि पंख्याचा पिंजरा हातात आला, तो गुलमोहराच्या बारीक पानांनी गच्च भरलेला. गुलमोहराचं पान म्हणजे दिसायला मोठं, पण त्याची पाती सुकून सुटी झाली की बोनेटखालच्या जाळीतून सहज आत जातात. वर्तकनगर, वसंतविहार, उपवन भागात गाड्या झाडाखाली उभ्या असतात, तिथल्या ब्लोअरमध्ये मला हेच मिळतं. पर्जन्यवृक्षाची पानंही तशीच. त्या पानांना ओल लागून एक लगदा झाला होता, त्यावर सिमेंटसारखी करडी धूळ बसली होती. मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून घोडबंदरच्या गाड्यांत ही धूळ हमखास असते. एका बाजूला वजन आल्यामुळे पंखा लटपटत होता, त्याने बुश, म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी, झिजवला होता आणि मोटर जड झाली होती. जड मोटर जास्त करंट मागते, जास्त करंटने रेझिस्टर आणि कपलर तापतात. सगळी साखळी जाळीतून आत गेलेल्या पानांपासून सुरू झालेली.

पिंजरा धुतला, मोटरला करंट पोचवणारे कार्बन बघितले, ते अजून पुरेसे लांब होते. ते ज्यावर घासतात तो कम्युटेटर साफ केला, बुशला पातळ मशिन ऑइलचा एक थेंब दिला. कपलर नवीन घातला, वायरींची टोकं कापून पुन्हा नीट दाबून घेतली. अर्थची वायर बॉडीला जिथे बोल्टने लावलेली असते तिथला गंज घासून काढला. इथे एक गोष्ट तरुण वायरमन मुलांसाठी मुद्दाम लिहितो. टेस्ट लॅम्प पेटला किंवा मीटरवर बारा व्होल्ट दिसले म्हणून वायर चांगली असं समजू नका. मोटर चालू असताना, लोडवर, मोटरच्या दोन टोकांवर मोजा. गंजलेला जोड लोड नसताना पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि पंखा लागला की तिथेच व्होल्ट खातो. मगच नवा रेझिस्टर बसवला. संध्याकाळपर्यंत गाडी तयार झाली, आणि एकवर, दोनवर पंखा आवाज न करता फिरायला लागला. खर्च सांगितलेल्या रकमेच्या जवळपासही गेला नाही.

याच्यापेक्षा गंभीर गोष्ट पुढे आहे. रेझिस्टरवर एक थर्मल फ्यूज असतो. पंखा अडकला किंवा हवा बंद झाली की वेटोळी तापतात आणि तो फ्यूज तुटून करंट तोडतो. रेझिस्टर हवेच्या वाटेतच बसवलेला असतो तो यासाठीच, की पंख्याच्या हवेने तो गार राहावा. कमी वेगावर त्या छोट्या प्लेटवर साधारण एका सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता तयार होत असते. हवा चालू आहे तोवर काही होत नाही. आता काही गॅरेजमध्ये काय करतात, तर तो तुटलेला थर्मल फ्यूज काढून तिथे तांब्याची तार सोल्डर करून देतात. याला म्हणतात डायरेक्ट करून देणं. पंखा चालतो, गिऱ्हाईक खूश, पैसे कमी. पण पुढच्या वेळी पंखा अडकला की करंट तोडायला काहीच उरलेलं नसतं. प्लॅस्टिकचा डबा, आत सुकी पानं, मध्ये लाल झालेली तार. गाडीतून जळका वास येतो म्हणून माझ्याकडे आलेल्या गाड्यांत मी डब्याला भोक पडलेलं पाहिलं आहे. फ्यूज बॉक्समध्ये वीस अँपिअरच्या जागी तीसचा फ्यूज घालणं हाही तोच प्रकार. वारंवार फ्यूज उडतो म्हणजे काहीतरी जास्त करंट खेचतंय. मोठा फ्यूज घातला की वायर जळते. ज्या गाडीत लहान मुलं बसतात त्या गाडीला हे करू नका, अशी माझ्याच धंद्यातल्या भावांना हात जोडून विनंती आहे. गिऱ्हाईक मागे लागलं तरी करू नका.

पाणी शिरलेल्या गाड्यांचंही सांगायला हवं. ब्लोअर डॅशच्या खाली, बराच खालच्या बाजूला असतो. २६ जुलै २००५ च्या पुरात, ज्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, बुडालेल्या गाड्यांमध्ये सीटा, इंजिन, स्टार्टर सगळं बघितलं गेलं. ब्लोअर बहुतेकांचा तसाच राहिला. आतला गाळ सुकल्यावर मोटर जाम होते. तेवढा मोठा पूर रोज येत नाही, पण वंदना टॉकीजजवळ किंवा इतर सखल भागात पाणी भरतं तेव्हा गाडीच्या पायाजवळ पाणी शिरणं नवीन नाही. पाणी आत गेलेल्या गाडीचा ब्लोअर उतरवून सुकवून घ्यावा. चालतोय म्हणून सोडू नये.

ज्या जुन्या व्हॅनना ब्लोअरच नाही, त्यांचे मालक डॅशवर चिकटवायचा बारा व्होल्टचा छोटा पंखा लावतात. अगदीच काही नसण्यापेक्षा तो बरा, पण तो आतलीच हवा फिरवतो. त्याच्या जोडीला खिडकी दोन बोटं उघडी ठेवायलाच लागते. काचेला आतून शाम्पू किंवा साबण चोळणं हाही तात्पुरता उपाय आहे. एखादी फेरी निभावते, पुढे पुन्हा तेच.

आता माझं मागणं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये वायपरसाठी स्वतंत्र नियम आहे, आणि पासिंगला, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीला, वायपर बघितलाही जातो. व्यावसायिक गाडी आठ वर्षांची झाली की तिचं पासिंग दरवर्षी होतं. शाळेच्या गाड्यांसाठी राज्याची २०११ ची वेगळी नियमावली आहे. प्रथमोपचार पेटी, अग्निशामक यांची सक्ती आहे. मी गिऱ्हाइकांच्या गाड्यांसोबत पासिंगला गेलो आहे. ब्लोअर लावून बघितलेला मला आठवत नाही. बाहेरून साफ आणि आतून पांढरी काच घेऊन गाडी चालवता येत नाही, मग दोन्ही बाजूंची तपासणी का नको? परिवहन विभागाने निदान शालेय वाहनांच्या पासिंगमध्ये एवढंच करावं: इंजिन चालू, हवेचा लिव्हर काचेकडे, आणि एक ते चार सगळे नंबर लावून काचेवर हात धरायचा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि कसलंही मशिन लागत नाही.

तोवर शाळांनी थांबायची गरज नाही. त्याच नियमावलीप्रमाणे प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते, तिच्यात पालकही असतात. त्या समितीने शाळा उघडण्याआधी सगळ्या व्हॅन मैदानात बोलवून ही चाचणी घ्यावी. पालकांनी मुलाला सोडताना पुढच्या काचेजवळ फडकं दिसलं, तर ड्रायव्हरला विचारावं की दादा, ब्लोअर चालत नाही का? ओरडू नका, विचारा. बरेच चालक सांगतील की एवढा खर्च सांगितलाय म्हणून राहिलंय. त्यांना सांगा, आधी दोष शोधून घ्या, मग पार्ट घ्या. जुना पार्ट परत मागून घ्या. रेझिस्टर बदलला असेल तर मोटर किती करंट खेचते ते मोजलं का, एवढा एक प्रश्न इलेक्ट्रिशियनला विचारा.

व्हॅनवाल्यांची अडचण मला ठाऊक आहे. मे महिन्यात फेऱ्या बंद, कमाई नाही, हप्ता मात्र चालू. जूनमध्ये इन्शुरन्स, पासिंग आणि टायर एकदम अंगावर येतात आणि ब्लोअर यादीत शेवटी जातो. पालकांनी वर्षाच्या फीतला थोडा भाग एप्रिलमध्येच दिला तर ही कामं सुट्टीत होतात. तेव्हा गाडी उभीच असते, गाळ्यावर गर्दी नसते. बोनेटखालची जाळी साफ करायला तर इलेक्ट्रिशियनही लागत नाही. पानं हाताने काढायची आणि जाळी फाटली असेल तर बारीक नवी बसवायची. पंखा उतरवून धुवायचं काम अर्ध्या दिवसाचं आहे. मिरग लागायच्या आत उरकून घ्यावं.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन,
कळवा (ठाणे)